आकड्यांची दादागिरी

४२० विरुद्ध ०.४. सामना कोण जिंकणार? कॉम्प्युटरला विचाराल, तर डोळे झाकून ४२०! आणि इथेच घोळ होतो. मशिन लर्निंगमधला एक साधा, ‘बोअरिंग’ म्हणून सगळे टाळतात तो फंडा मी ऑफिसात नाही, निरगुडसरच्या मक्याच्या वावरात शिकले. त्याचीच ही गोष्ट.

“ताई, तुझ्या त्या प्रोग्रॅमला या शनिवारी गावाला घेऊन ये. मका दाखवायचाय त्याला.”

आण्णा असं गोड बोलायला लागले की समजायचं, काहीतरी बिनसलंय! एरवी फोनवर त्यांचे दोनच प्रश्न असतात. जेवलीस का, आणि कधी येतेस. मी मुकाट्याने शनिवारी सकाळी निघाले. नाशिक फाटा, चाकणचं ट्रॅफिक, राजगुरुनगर, मंचर आणि तिथून आत आमचं निरगुडसर. आईने मासवडीचा बेत केला होता, पण आण्णांनी बॅगही खाली ठेवू दिली नाही. थेट विहिरीच्या वावरात.

मका गुडघ्याएवढा झाला होता, पण रंग पार उडालेला. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे. गोठ्यातल्या चार गाईंचा पुढच्या दोन महिन्यांचा चारा असा फिक्कट चेहऱ्याने माझ्याकडे बघत उभा होता.

“शेतीखात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं नुसतं पान बघितलं,” आण्णा म्हणाले, “आणि सांगितलं, जस्त कमी पडलंय. मग मी तुझा तो कागद काढला. त्यावर लिवलंय, काही टाकायची गरज नाही.”

कागद माझाच होता. प्रोग्रॅमही माझाच.

हौसेला मोल नसतं

झालं होतं असं. मी पुण्यात एका आयटी कंपनीत डेटा टीममध्ये काम करते. दिवसभर अनोळखी कस्टमर्सचे आकडे चाळायचे. मनात आलं, जरा घरच्यांसाठीही काही करावं. आमच्याकडे भावकीतल्या आणि शेजारपाजारच्या मिळून चाळीस वावरांचे माती परीक्षणाचे रिपोर्ट जमले होते. २०१५ साली जमीन आरोग्य पत्रिकेची योजना आली, तेव्हापासून असे कागद बऱ्याच घरांत आहेत. त्यावर मातीचे बारा गुण असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. घरोघरी हे कागद कुठे असतात? देवघरातल्या कॅलेंडरच्या मागे!

मी ते सगळे एक्सेलमध्ये भरले. कुणी काय खत टाकलं, पीक कसं आलं, तेही विचारून लिहिलं. मग छोटासा प्रोग्रॅम केला. आयडिया सिंपल. आपल्या वावराची माती ज्या वावराशी सगळ्यात जास्त जुळते ते शोधायचं, आणि तिथे जे चाललं ते इथे करायचं. आमच्या भाषेत याला ‘निअरेस्ट नेबर’ म्हणतात. म्हणजे सख्खा शेजारी, पण बांधावरचा नाही, आकड्यांतला.

प्रोग्रॅमने सांगितलं, विहिरीच्या वावराचा सख्खा शेजारी म्हणजे चुलत्यांचं मळ्यातलं वावर. तिथे जस्त न टाकताही मका झकास आला होता. आण्णांनी लेकीवर विश्वास ठेवला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

ढोलकीसमोर घुंगरू

रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले. बारा गुणांपैकी तीनच घेऊन गणित हाताने मांडलं, म्हणजे भानगड नेमकी कुठे आहे ते कळेल.

आमचं वावर : पालाश हेक्टरी ४२० किलो, सामू ८.३, जस्त ०.४ पीपीएम.

चुलत्यांचं वावर : पालाश ४१०, सामू ७.२, जस्त १.४.

ओढ्याकडचं तिसरं एक वावर : पालाश ३५०, सामू ८.२, जस्त ०.५.

आता तुम्हीच सांगा, आमच्या वावरासारखं कोणतं? माती कळणारा कुणीही क्षणात सांगेल, ओढ्याकडचं. दोन्हीकडे सामू चढलेला, दोन्हीकडे जस्ताची बोंब. जस्ताची किमान पातळी ०.६ पीपीएम धरतात आणि ही दोन्ही वावरं तिच्या खाली. चुलत्यांच्या वावरात मात्र जस्त भरपूर.

पण प्रोग्रॅम काय करतो? प्रत्येक आकड्यातला फरक काढतो, त्याचा वर्ग करतो, सगळ्यांची बेरीज करतो आणि वर्गमूळ घेतो. शाळेतला पायथागोरस! चुलत्यांशी आमचा फरक पालाशात १०, सामूत १.१, जस्तात १. अंतर आलं साधारण १०.१. ओढ्याकडच्या वावराशी फरक पालाशात ७०, बाकी दोन्हींत फक्त ०.१. अंतर आलं ७०. झाला निकाल. चुलते जिंकले!

म्हणजे सामू आणि जस्त दोघंही ओरडून सांगत होते, पण त्यांचा आवाज पालाशाच्या ढोलकीपुढे घुंगरासारखा. शंभरातल्या आकड्यांसमोर दशांश चिन्हानंतरच्या आकड्याला कोण विचारतो? त्यात सामूचा अपमान तर डबल. सामूचं माप लॉगरिदमचं असतं. ७.२ वरून ८.२ म्हणजे एकाने वाढ नाही, आम्लाचं प्रमाण थेट दहापट कमी. एवढी मोठी घटना माझ्या प्रोग्रॅमच्या हिशेबी एक किलो पालाशाइतकी!

मग एक गंमत केली. पालाश किलोऐवजी टनात लिहिला. ४२० चे झाले ०.४२. माती तीच, वावर तेच, चारशे वीस किलोचं पोतंही तेच. पण आता प्रोग्रॅम म्हणाला, तुमचा सख्खा शेजारी ओढ्याकडचा! नुसतं एकक बदललं आणि उत्तर उलटलं. मला धस्स झालं. म्हणजे इतके दिवस सल्ला माझा प्रोग्रॅम देतच नव्हता. सल्ला देत होता रिपोर्टच्या फॉर्मवर ‘किलो प्रति हेक्टर’ छापणारा कुणीतरी.

आण्णांची पैसेवारी

“आण्णा, हे सगळे आकडे एका मापात आणायला पाहिजे होते. वेगवेगळ्या गोष्टी एका पट्टीवर.” मी कबूल केलं.

“म्हणजे पैसेवारी काढायची,” आण्णा आडकित्त्यात सुपारी धरत म्हणाले.

मी चमकले. खरंच की! मशिन लर्निंगवाले ज्याला ‘फीचर स्केलिंग’ म्हणतात, ते आपल्या महसूल खात्याला माझ्या आज्याच्या काळापासून माहीत आहे.

शहरातल्या मंडळींसाठी थोडक्यात. बाजरी आणि बटाटा यांची तुलना कशी करणार? समजा बाजरीचं हेक्टरी प्रमाण उत्पन्न १० क्विंटल आहे आणि यंदा ६ निघालं. बटाट्याचं २०० आहे आणि निघालं ९०. नुसते आकडे बघितले तर बटाटेवाला राजा. पण प्रत्येक पिकाचं प्रमाण उत्पन्न म्हणजे एक रुपया असं धरलं, तर बाजरी आली ६० पैसे आणि बटाटा ४५ पैसे. म्हणजे मार कुणाला बसला? बटाट्याला! गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाईची, सवलतींची चर्चा सुरू होते. म्हणून तर नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम पैसेवारीच्या बातम्यांकडे गाव डोळे लावून बसतं.

पूर्वी हीच ‘आणेवारी’ होती, सोळा आण्यांच्या हिशेबाने. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले, पिकाच्या हालतीत काही फरक पडला नाही. पट्टी ० ते १६ असो की ० ते १००, सगळ्यांना एकच असली म्हणजे झालं. कॉम्प्युटरवाले ० ते १ वापरतात, इतकाच फरक.

शून्य ते एक

मी लॅपटॉपवर सगळ्यात सोपी पद्धत लावली, ‘मिन-मॅक्स’. चाळीस वावरांत त्या गुणाचा सगळ्यात कमी आकडा शोधायचा, तो झाला शून्य. सगळ्यात जास्त, तो झाला एक. मधल्या प्रत्येकातून किमान वजा करायचं आणि कमाल-किमान फरकाने भागायचं. बस्स!

आमच्याकडे पालाश १८० ते ६८० होता. म्हणून ४२० झाला ०.४८. सामू ६.८ ते ८.८ होता, म्हणून ८.३ झाला ०.७५. जस्त ०.२ ते २.२, त्यातलं आमचं ०.४ झालं ०.१०. एका नजरेत चित्र स्पष्ट. पालाश मध्यावर, सामू वर चढलेला, जस्त तळाला.

अंतरं पुन्हा काढली. चुलत्यांचं वावर ०.७४ वर गेलं आणि ओढ्याकडचं आलं ०.१६ वर. सख्खा शेजारी सापडला! आणि त्या शेजाऱ्याने काय केलं होतं? मक्याआधी शेणखतात झिंक सल्फेट मिसळून टाकलं होतं. माझ्याच एक्सेलमध्ये, माझ्याच हाताने लिहिलेलं...

पण थांबा, पिक्चर अभी बाकी है!

खुशीत दुसऱ्या दिवशी बाराही गुण घेऊन तोच प्रयोग केला, तर पुन्हा गडबड.

पहिली भानगड माझ्याच बोटांची. एका रिपोर्टवरचं जस्त २.२ ऐवजी मी २२ टाइप केलं होतं. दशांश चिन्ह गायब! आता कमाल झाली २२ आणि बाकी सगळी वावरं खाली शून्याजवळ एकमेकांना चिकटली. ग्रुप फोटोत एकजण कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात आला की मागचे सगळे मुंग्यांएवढे दिसतात ना, तसं. मिन-मॅक्सचा हाच वीक पॉइंट. दोन टोकांचे दोन आकडे सगळ्या वर्गाची पट्टी ठरवतात. म्हणून बरेच जण सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागतात. त्याला ‘स्टँडर्डायझेशन’ म्हणतात. वात्रट आकडे फारच असतील तर सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा आणि मधल्या निम्म्या आकड्यांच्या पसाऱ्याने भागायचं. अर्थात सगळ्यात आधी मूळ कागद पुन्हा बघायचा, हे आण्णांचं म्हणणं. बरोबरच आहे!

दुसरी भानगड तांब्याची. आमच्या चाळीसही वावरांत तांबं पुरेसं होतं, सगळीकडे जवळपास सारखंच. पण मिन-मॅक्सने तो चिमुकला फरक ताणून ० ते १ केला आणि तांबं एकदम जस्ताच्या पंक्तीला जाऊन बसलं. ज्याला काही बोलायचंच नाही त्याच्याही हातात माईक! आधी पालाशाची दादागिरी होती, आता सगळ्यांची सारखीच बडबड.

इथे आण्णांची पैसेवारी परत आठवली. पैसेवारीत १०० पैसे म्हणजे गावात यंदा निघालेलं सगळ्यात जास्त पीक नव्हे. १०० पैसे म्हणजे त्या पिकाचं ठरलेलं प्रमाण. पट्टीच्या टोकाला अर्थ आहे! मीही तसंच केलं. जस्ताच्या प्रत्येक आकड्याला ०.६ ने भागलं. आमचं वावर आलं ६७ पैसे, चुलत्यांचं सव्वादोन रुपयांच्या वर. तांब्याला त्याच्या ०.२ पीपीएमच्या किमान पातळीने भागलं, तर सगळी वावरं रुपयाच्या कितीतरी पुढे. मग ठरवलं, रुपयाच्या पुढे गेलेल्यांना सगळ्यांना रुपयाच धरायचं. तांबं आपोआप गप्प बसलं. सामूला मात्र ही पैसेवारी चालत नाही. तो जास्त झाला तरी वाईट, कमी झाला तरी वाईट, मधे असला की बरा. त्याच्यासाठी मधल्या पट्ट्यापासून किती लांब, ते मोजलं.

आकड्यांना एका पट्टीत आणलं की एककाची दादागिरी संपते, हे खरं. पण कुणाचं किती ऐकायचं, हे पट्टी सांगत नाही. तुम्ही सांगायचं असतं. काहीच न करणं हाही एक निर्णय असतो, आणि सगळ्यांना समान करणं हाही. तो निर्णय मातीतलं कळणाऱ्या माणसाने घ्यायचा की फॉर्म छापणाऱ्याने, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याच एका माणसाने याचा फार पुढचा विचार केला होता. १९३६ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अंतर मोजायची अशी रीत मांडली, की तिच्यात प्रत्येक गुणाचा पसारा तर जमेस धरला जातोच, शिवाय दोन गुण जोडीने वाढत असतील तर ते दोनदा मोजले जात नाहीत. सेंद्रिय कर्ब आणि नत्र अशी जोडी मातीत असतेच. आज जगभर ते ‘महालनोबिस अंतर’ म्हणूनच ओळखलं जातं.

आपलंही स्केलिंग होतंच की!

हे सगळं शेतापुरतं आहे असं समजू नका बरं का. सीईटीवाल्यांना विचारा. २०१९ पासून महाराष्ट्राची सीईटी कॉम्प्युटरवर, अनेक सत्रांत व्हायला लागली. एका सत्राचा पेपर सोपा, दुसऱ्याचा अवघड. मग नुसत्या मार्कांची तुलना कशी करणार? म्हणून पर्सेंटाइल. आपल्या सत्रात आपण किती जणांच्या पुढे, ते मोजायचं. आणि ऑफिसातलं अप्रेझल? बॉस रेटिंग देतो आणि मग एचआर ‘नॉर्मलायझेशन’ नावाच्या बंद खोलीत ते एका पट्टीवर आणतं. त्या खोलीतून बाहेर आलेला आकडा बघून कधी तरी आपलाही मका झालेला असतोच!

चौकट : स्केलिंग करताना एवढं पाळा

• अंतर मोजणाऱ्या पद्धतींना स्केलिंग हवंच. निअरेस्ट नेबर, के-मीन्स, सपोर्ट व्हेक्टर मशिन ही त्यातली ठळक नावं. पीसीएमध्येही मोठा आकडा सगळं गिळून टाकतो.

• न्यूरल नेटवर्क उत्तराकडे पायरीपायरीने उतरत जातं. आकडे एका मापात नसतील तर ते अरुंद घळीतून उतरल्यासारखं दोन्ही कडांना आपटत राहतं. स्केल केलं की उतार मोकळा होतो, वेळ वाचतो.

• डिसिजन ट्री आणि रँडम फॉरेस्ट यांना सहसा गरज नसते. ते एका वेळी एकच प्रश्न विचारतात, ‘जस्त ०.६ पेक्षा कमी आहे का?’ अगदी आपल्या शेतीवाल्या साहेबांसारखं!

• किमान, कमाल, सरासरी, जे काढायचं ते शिकवायच्या डेटावरूनच काढा. परीक्षेचा डेटा त्यात मिसळला तर पेपर आधीच फुटला म्हणायचं.

• नवीन नमुना आला की जुनीच पट्टी लावा. पायली बदलून धान्य मोजत नाहीत. नवा आकडा ० ते १ च्या बाहेर गेला तर घाबरू नका, पण एकदा तपासा जरूर.

मक्याचं पुढे काय झालं?

सगळं पीक वाचलं असं म्हणणार नाही. अर्धा टक्का झिंक सल्फेटच्या फवारण्या केल्या. नवी पानं हिरवी आली, पण गेलेले दिवस गेले ते गेलेच. चारा कमी पडला, थोडा विकत घ्यावा लागला. त्याचे पैसे मी दिले. आण्णा नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. ऑफिसात मॉडेल चुकलं की स्लाइडवरचा एक आलेख खाली येतो. इथे गाईंपुढची गव्हाण रिकामी राहिली असती.

पुढच्या हंगामाआधी एकरी दहा किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाकायचं ठरलं. प्रोग्रॅमही नवा केला. आता तो उत्तराबरोबर कारणही छापतो, कोणत्या गुणाचा अंतरात किती वाटा, ते. आण्णा कागद हातात आला की आधी तेच वाचतात. उत्तराकडे मग बघतात. शेजारचे दोघं-तिघं आपापले रिपोर्ट घेऊन आले, तेव्हा आण्णांनी चष्मा लावून स्वतः आकडे वाचून दाखवले आणि मी टाइप केले. दशांश चिन्हासकट!

मागच्या महिन्यात माझं अप्रेझल झालं. रात्री आण्णांचा फोन आला. जेवलीस का विचारून झालं, कधी येतेस विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाले, “आणि काय गं ताई, हापिसात तुझी पैसेवारी किती आली?”

“साठ पैसे, आण्णा.”

“मग काळजी नाही,” ते म्हणाले. “पन्नासच्या वर आहे.”